डक्ट किती बांधायचा

१२ मार्च १९८४. हातात काम होतं एका नव्या वीजकेंद्राच्या गरम धुराच्या डक्टचं आणि त्याला खालून पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं. दोन्ही वेगळ्या वस्तू. डक्ट सांगाड्याच्या सॅडलवर, म्हणजे आधाराच्या बैठकींवर, टेकलाय, हे संगणकाला आपणहून कळत नाही. ते समीकरणांनी सांगावं लागतं: डक्टवरचा हा बिंदू जेवढा हलेल, तेवढाच सांगाड्यावरचा तो हलेल. आमच्या नागपूरच्या ऑफिसात रीत अशी की प्रत्येक सॅडलवर तिन्ही दिशांनी बांधून टाकायचं. त्यानं सगळ्यांना निर्धास्त वाटायचं.

सकाळी संगणकाचं उत्तर आलं. सांध्यांवरचा ताण पोलादाला झेपणारा नव्हता. साहेब म्हणाले, जाड प्लेटा मागवू.

"जाड प्लेटांनी सांगाडा आणखी ताठ होईल," मी म्हटलं. "डक्ट तापला की लांब होणार. सॅडलवर तो सरकावा अशीच रचना आहे. गणितात आपणच त्याला चिकटवलाय."

"मंग काय मोकळा सोडता, बाई? खापरखेड्याले पळून जाईन ना तो!" साहेब म्हणाले.

सगळे हसले. मी प्रत्येक सॅडलवरचं लांबीच्या दिशेचं समीकरण काढलं आणि गणित पुन्हा लावलं. ते अर्ध्यात थांबलं. त्या दिशेनं डक्टला धरणारं काहीच उरलं नव्हतं.

"गेला का?" साहेबांनी विचारलं.

"गेला. आणते परत."

फक्त मधल्या सॅडलवर ते समीकरण परत घातलं. बाकीच्यांना वर-खाली आणि आजूबाजूला धरलं, लांबीत मोकळं ठेवलं. या वेळी ताण आवाक्यात आला.

साहेबांनी आकडे दोनदा पाहिले. "कागदावर सरकते, मान्य. चालू केंद्रात सॅडलवर राख साचते, तिथं सरकून राहिला का, पाहिलं कोणी? प्लेटांची ऑर्डर उद्या दुपारी जाते."

प्रश्न रास्त होता. मी घर्षण धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोराडीची बस धरली. तिथल्या जुन्या वीजकेंद्रातला चालू डक्ट तसल्याच सॅडलवर होता. पदर खोचून शिडी चढले, फडक्यानं राख पुसली. टोकाच्या सॅडलच्या प्लेटवर, डक्टच्या लांबीच्या दिशेनं, घासून चकचकीत झालेला पट्टा होता. मधल्यावर नव्हता. खाली उतरले आणि गेटवरून साहेबांना फोन लावला, "ऑर्डर थांबवा. राखेतही सरकतो."