पेटी बांधणारा गाडीत बसतो

ईश्वरप्पा मिस्त्री गिअरबॉक्स उघडत नाही. औशात लातूर रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. इंजिन, ब्रेक, क्लच, सगळं करतो. पण गिअरचं दुखणं आलं की गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, "हे माझं काम न्हाई. पेटी काढीन, देगलूरला धाडीन, आली की बसवीन. आतलं मला कळत न्हाई." गिअरबॉक्सला तो पेटी म्हणतो. हे ऐकून निम्मे लोक तिथूनच गाडी वळवतात. दुसरे मिस्त्रीही पेट्या बाहेरच पाठवतात, फक्त बोलत नाहीत.

मी बाजार समितीत मापाडी होतो. जन्मभर काटा पाहिला, माणसं कमी पाहिली, त्यामुळे माझं मत कितपत धरावं मला ठाऊक नाही. तरी ईश्वरप्पाबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटत होतं, आणि दुसरं कुणी लिहीना.

आमची ओळख झाली ती माझ्या सुनेमुळे. शिल्पा एका जुन्या सात आसनी गाडीतून औशातल्या नोकरदार बायकांना रोज लातूरला नेते-आणते. बाई गाडी चालवते म्हणून स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी सुरुवातीला फार खोड्या काढल्या. तिने लक्ष दिलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात गाडीचा तिसरा गिअर सटकू लागला. चढाला जोर लागला की दांडा आपोआप सुटून मधे यायचा. मग शिल्पा डाव्या हाताने दांडा दाबून धरायची आणि एका हाताने स्टिअरिंग सांभाळायची.

बायकांनी काही दिवस ते पाहिलं. शेवटी त्यांच्यातल्या वर्षाराणी सिस्टर, दवाखान्यात नर्स आहेत, त्या म्हणाल्या, "शिल्पा, तू चांगली चालवतीस गं. पण एका हाताच्या गाडीत मी बसणार न्हाई. सोमवारी दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसले तर बसू, न्हाईतर आम्ही दुसरी गाडी लावतो."

बायका गेल्या तर गाडी दारात उभी राहणार, आणि स्टँडवरचे तर त्याचीच वाट पाहत होते. शिल्पा त्या दिवशी जेवली नाही.

मग तिने गाडी ईश्वरप्पाकडे नेली आणि त्याने पेटी काढली. देगलूरला जाणाऱ्या जीपमध्ये चढवण्याआधी कपाळावरचं भस्म तीन बोटांवर घेतलं आणि पेटीला लावलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गावाला निघाली, अण्णा. मोकळ्या कपाळानं कशी धाडू?"

माझा मेहुणा शिवशंकर, लातूरला त्याचं भुसाराचं दुकान आहे, त्याला हे कळलं तेव्हा तो तडक औशाला आला. "दाजी, तुमी बी लई भोळे. मिस्त्री स्वतः म्हणतो मला येत न्हाई, आन् तुमी त्याच्याच हातात देता? देगलूरला कोण बसलंय, पाहिलंय का? चांगले दाते काढून भंगारातले घालतेत."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, तो माणूस भरवशाचा आहे ना.

ईश्वरप्पाला राग आला नाही. "अण्णा, माझा एकच कायदा हाय. पेटी बांधणारा गाडीत बसतो. देगलूरचा नागप्पा पेटीसंगं स्वतः येणार. मी बसवणार, मालक चालवणार, तो बाजूला बसणार. गिअर सटकला तर पेटी घेऊन त्याच पावली परत. आधी दुसऱ्यांकडं धाडत होतो. काम करू पण यायला येळ न्हाई म्हणले. त्यांच्याकडं धाडायचं सोडलं."

रविवारी सकाळी नागप्पा पेटी घेऊन जीपमधून उतरला. आम्ही सगळे हजर होतो. शिवशंकरही, माझी बायको चतुराबाईही. पेटी नव्यासारखी चकचकत होती. शिवशंकर तिच्याभोवती फिरला.

"भस्म कुठंय? अक्का, पेटी बदलली."

नागप्पा म्हणाला, "डिझेलनं धुतली की, साहेब. न धुता कशी खोलू?"

"म्हणायला काय जातंय."

"शिवशंकर," चतुराबाई म्हणाली, "तू सकाळी अंघोळ केलास तवा तुझं बी भस्म गेलं असंल. मग तुला बी बदलला म्हणू का?"

ईश्वरप्पाने खाली बसून पेटीच्या पायाजवळ एका गाठीवर बोट ठेवलं. "हे वेल्डिंग माझं, गेल्या वर्षीचं. इतकं वाकडं दुसरं कोण करतंय?"

शिवशंकर वाकून गाठ बघून मागे सरकला. दुपारपर्यंत पेटी बसली.

"मोकळ्या गाडीत गिअर खोटं बोलतो," नागप्पा म्हणाला. "माणसं भरा."

मग आम्हीच बसलो. शेजारच्या टपरीवरची पंचफुला चहाचं पातेलं उतरवून आली. नागप्पा पुढे शिल्पाच्या बाजूला, ईश्वरप्पा माझ्याशेजारी. गावाबाहेरचा चढ आला. शिल्पाने तिसरा टाकला आणि हात दांड्यावरच ठेवला.

"हात काढा, अम्मा," नागप्पा म्हणाला.

"राहू द्या की. सवय हाय."

"तुमी धरला तर माझं काम कसं कळंल? काढा."

ती काढेना. ईश्वरप्पाने पुढची सीट घट्ट धरली होती. आपलं सगळं नाव त्या दांड्याला टांगलं आहे, हे त्यालाही कळत असावं. शिल्पाचा हात हळूहळू वर आला, क्षणभर दांड्यावर अधांतरी राहिला आणि मग स्टिअरिंगवर गेला.

दांडा थरथरला, पण जागचा हलला नाही.

"पाय सोडा. आता परत दाबा," नागप्पा म्हणाला. तरीही दांडा हलला नाही. गाडी चढ चढून वर आली. पंचफुला खिडकीतून अनोळखी लोकांना हात करू लागली.

"आणिक एकदा चढवून बघा," शिवशंकर म्हणाला.

"तू उतर आन् ढकलत ये," चतुराबाई म्हणाली.

आम्ही खरंच उतार उतरून पुन्हा तोच चढ चढलो, आणि तेही दोनदा. शिल्पा आता हसत होती. परतताना शिवशंकर घसा खाकरून म्हणाला, "मिस्त्री, माझ्या दुकानाच्या टेम्पोचा बी दुसरा गिअर जरा जड जातोय."

"हे माझं काम न्हाई," ईश्वरप्पा म्हणाला.

"ठाव हाय की. देगलूरला कवा धाडता ते सांगा. आन् भस्म जरा ठळक लावा."

सोमवारी मीही मागे बसून गेलो. बसायचं काही कारण नव्हतं. वर्षाराणी सिस्टर आधी खिडकीपाशी उभ्या राहिल्या, आणि शिल्पाचे दोन्ही हात पाहून पुढच्या सीटवर बसल्या. त्यांच्यामागून बाकीच्या बसल्या. स्टँडवरून गेलो तेव्हा ड्रायव्हर लोक चहा पीत उभे होते. शिल्पाने मान वळवली नाही.

ईश्वरप्पाचं गॅरेज उन्हं वर आल्याशिवाय उघडत नाही. त्या दिवशी तो अंघोळ करून, ताजं भस्म लावून बंद शटरसमोर उभा होता. आम्हा कुणाकडे त्याने पाहिलं नाही. फक्त काचेतून शिल्पाच्या हातांकडे पाहिलं, आणि गाडी पुढे गेल्यावर शटर वर ढकललं.