पाणी देणारी राक्षसीण

राक्षस किती भयंकर आहे हे त्याच्या दातांवरून ठरतं, असं आमच्या रविवारच्या टोळक्याचं ठाम मत होतं. आम्ही चौघं हिंजवडीच्या एकाच ऑफिसातले. त्यातल्या एकानं अमेरिकेहून येताना वीस बाजूंचे फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्याच्याच कोथरूडच्या घरी आम्ही दुपारभर योद्धे आणि जादूगार व्हायचो. पाळीपाळीनं एक जण गोष्ट रचायचा, राक्षस आणायचा आणि बाकीचे तिघं लढायचे. सात तोंडांचे, आग ओकणारे, सगळे येऊन गेले. चिवडा खाता खाता आम्ही त्यांना मारलं. घाबरलं कोणीच नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी कोथरूडमध्येच भाड्याची खोली शोधत होते. लोक हसून दार उघडायचे, पाणी द्यायचे. मग आडनाव विचारायचे, मग गाव, मग 'बघू, कळवतो.' माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन जे मागे टाकलं, ते या मंडळींनी अगदी नीट जपून ठेवलं होतं.

म्हणून मी माझ्या गोष्टीतल्या किल्ल्याच्या दरवाज्यात एक म्हातारी बसवली. तिला नख्या नाहीत, दात तर केव्हाच पडलेले. ती पाणी देते, पूर्ण नाव विचारते, वडील काय करायचे ते विचारते आणि गोड आवाजात सांगते, 'बघू, कळवते.' दरवाजा उघडत नाही. तलवार तिला लागत नाही. उलट ती आणखी पाणी देते.

आधी तिघंही हसले. मग वैतागले. शेवटी ज्याचं घर होतं, त्यानं आपल्या योद्ध्याला राजघराण्यातलं खोटं नाव दिलं. दरवाजा उघडला, तो आत गेला आणि दरवाजा त्याच्यामागे बंद झाला. बाहेर राहिलेल्यांनी विचारलं, आमचं काय? 'बघतो काहीतरी,' असं तो आतून म्हणाला, आणि लगेच मला विचारायला लागला, खजिना कुठे आहे?

बाहेरच्या दोघांचे चेहरे उतरले. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो एकदम नियमांवर आला. हा राक्षसच नव्हे, नुसतं नाव विचारण्यात घाबरण्यासारखं काय आहे? प्रत्येक राक्षसाला हरवायची एक युक्ती लागते, ती सांग, नाहीतर सरळ ड्रॅगन आण. रविवारी तरी हे विषय नकोत, असंही वर ऐकवलं.

या शहरात मला दुसरे मित्र नव्हते, आणि घर त्याचं, फासेही त्याचेच. युक्ती मी रचली नव्हती, कारण मला ती माहीतच नव्हती. माहीत असती तर खोली नसती का मिळाली? पण म्हातारीला उठवायला मी तयार नव्हते.

"तुला तिची भीती वाटत नाही ना?" मी म्हणाले. "मग बसू दे की तिला. तुला कसला त्रास होतोय?"

मी बाहेरच्या दोघांकडे वळले. खोटं नाव सांगून आत जाता येईल, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापली पात्रं दरवाज्यासमोर बसवली. खरं नाव सांगून झालंय, आता इथून हलणार नाही, म्हणाले.

मग मी आतल्याला सांगितलं, "खजिना सगळा तुझा. बस एकटा."