जाळीवरचा हार

दसऱ्याला मुलगा गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूचा हार बांधतो आणि मी तो गुपचूप सोडून आत आरशाला अडकवते. हाताला झेंडूचा वास लागला की नव्वदच्या दशकातला तो मे महिना आठवतो.

लग्न लागून मी कोरेगावहून सांगलीला सासरी निघाले होते. गाडी धाकट्या दिरांची, शर्यतीत पळवायची. वरातीसाठी तिचं तोंड फुलांच्या जाड चादरीनं झाकलेलं. उंब्रजजवळ तापमानाचा काटा लाल रेषेत गेला. इंजिनाची धग कमी व्हावी म्हणून दिरांनी हीटर लावला. अंगावर शालू, गळ्यात दोन हार, पायांवर हीटरच्या गरम झळा. जीव गुदमरला.

"गळ्यातले हार काढू का?" मी विचारलं.

नवऱ्याच्या आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उंबरा ओलांडल्याबिगर न्हाई काढायचा, पोरी."

दिरांनी गाडी थांबवली. पाणी बघितलं, पुरेसं होतं. पंख्याचा पट्टा बघितला, धड होता. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि फुलांची चादर ओरबाडून काढली.

"वहिनी, गाडीला वाराच लागत न्हवता की!"

काटा हळूहळू खाली आला. गाडीची फुलं काढलेली आत्यांनाही पटली. मी माझे दोन्ही हार घालून सांगलीपर्यंत बसले, आणि तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.