जांभळासकट घर

कोहका भागात भाड्याची घरं दाखवणाऱ्या त्या बाई कुलूप उघडण्याआधी अंगणातलं झाड दाखवायच्या. बोलणं तुटक, अर्धं हिंदीत. स्कूटीवरून उतरल्या तरी हेल्मेट डोक्यावरच. वडील रिटायर झाल्यामुळे आम्हाला सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडायचं होतं, आणि माझ्या पोरींना झाडाशिवाय घर नको होतं.

एका अंगणात मोठं जांभूळ सापडलं. वरच्या मजल्यावर राहणारे मालक म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत हे तोडून टाकतो. इथं गाडी ठेवीन."

बाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली. "मग मले हे घर दाखवायचंच नाही."

क्वार्टर सोडायचे दिवस जवळ आले होते.

"कावून जी? झाड तुमचं आहे काय?" मालकांनी विचारलं.

"नाही. पण पोरी खेळतील कुठं, तुमच्या गाडीखाली? आणा दुसरा दलाल. त्यालेही हेच सांगीन."

त्यांनी खरंच सगळ्या दलालांना सांगितलं. घर रिकामंच राहिलं, आणि शेवटी मालकांनीच मला फोन केला.

आता जांभळं पिकली की फाटकाबाहेरची त्यांची गाडी डागांनी भरते. ते बाईंच्या नावानं बोटं मोडत गाडी पुसतात, आणि माझ्या पोरी फांदीवर बसूनच म्हणतात, "अंकल, नमस्ते."