सीटखालचं बटण

न्हावऱ्याच्या म्हस्कूमामाची जीप चोरीला गेली, ती भर दुपारी. एक अनोळखी माणूस दारात आला, म्हस्कूच्या बायकोच्या, कुशाबाईच्या हातचं तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "म्हाळूच्या सुनंला कळा सुरू झाल्यात. म्हस्कूमामांनी गाडी मागितलीय." म्हस्कू तेव्हा मळ्यात होता. दाराशेजारच्या खिळ्याला चावी होती, ती कुशाबाईनं काढून दिली. वर सांगितलंही, "दमानं न्या बरं का, बाई अवघडलेली हाय." जीप गेली ती गेलीच. शेजारच्या म्हाळूची सून आपली शेतात खुरपत होती!

आता यात त्या माउलीचं काय चुकलं, सांगा. वस्तीवर जीप आली तेव्हापासून चावी त्या खिळ्यालाच असायची. कुणाला पान लागलं, म्हणजे साप डसला, कुणी विहिरीत पडलं, तर यायचं, चावी घ्यायची आणि निघायचं. कोण, कुठला, असं विचारायचं नाही, हा दंडक म्हस्कूनंच घातलेला. दौंड स्टेशनापर्यंत माणशी भाडं घेऊन वडाप करणारा माणूस तो, पण आजाऱ्याला नेलं तर डिझेलसुद्धा मागायचा नाही. वस्तीवर त्याला मान होता तो त्या खिळ्यामुळं.

पण गाडी गेली आणि माणूस पार फिरला. चार माणसांत बायकोला म्हणाला, "चोराला पाणी पाजून वाटंला लावलंस की गं! ओवाळायची तेवढी राहिलीस." कुशाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. पुढं जो आला-गेला त्याला त्यानं हीच कथा ऐकवली, आणि दरवेळी ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली.

बापाच्या वेळची उरलीसुरली मेंढरं होती, ती विकून त्यानं दुसरी जुनी जीप आणली आणि ती घरी न नेता थेट दौंडला हौसरावाकडं नेली. हौसराव गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्यानं डॅशबोर्डच्या आत एक काळी डबी बसवली. तिला म्हणायचं इमोबिलायझर.

"मामा, गाडी बंद केली की ही आपोआप लॉक व्हती," हौसराव म्हणाला. "सीटच्या खाली हात घाला. बटण लागलं? ते दाबून धरायचं आन् मग चावी मारायची. न्हाई दाबलं तर डिझेलच बंद. स्टार्टर फिरंल, पण इंजिन काय धरायचं न्हाई. धक्का मारा न्हाईतर ट्रॅक्टरनं वढा, चालू व्हायची न्हाई."

म्हस्कू खूश झाला. हौसराव हात पुसत म्हणाला, "घरात एखाद्याला दावून ठिवा पण."

"घरातच तर भोक हाय," म्हस्कू म्हणाला.

वस्तीवर येऊन त्यानं पुतण्याला, शंभूला, चावी दिली. "कर चालू. करून दाव!" शंभू घामाघूम झाला, गाडी काही बधेना. 'छुपं बटण हाय,' एवढंच सांगून म्हस्कू मांडीवर थाप मारून हसला. रात्री जेवताना कुशाबाई हळूच म्हणाली, "मला तरी सांगून ठिवा. येळवखत काय सांगून येतोय व्हय?"

"तुला? तू फुडच्या चोराला बी च्या पाजून सांगशील."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. चावी खिळ्याला लटकत राहिली, पण मागायला येणं लोकांनी सोडलं. मालकाला शोधत कोण हिंडणार?

आणि एके दिवशी सकाळी ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावताना म्हस्कूचा उजवा हात बोटांपासून गळत गेला. तोंड वाकडं झालं. हाक मारायला गेला तर जीभ लोळागोळा. धाडकन आडवा झाला तसं कुशाबाईनं बोंब ठोकली आणि वस्ती धावली. त्याला बाजेवर निजवलं. शंभूनं खिळ्याची चावी ओढली.

स्टार्टर फिरला. इंजिन धरेना.

"काका, काय दाबायचं? सांगा की!" शंभू ओरडत होता. त्यानं पुढची सगळी बटणं दाबून पाहिली. वायपर हलले, दिवे लागले, हॉर्न वाजला. मग माणसांनी धक्का मारत जीप वस्तीच्या टोकापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. बाजेवरून म्हस्कूला सगळं दिसत होतं. 'अरे, सीटखाली! सीटच्या खाली हात घाल, लेका!' तो आतल्या आत किंचाळत होता. डावा हात तेवढा हलत होता. त्यानं तो बाजेखाली नेला, खाली, खाली असं दाखवलं.

बाजेखाली तांब्या होता. "पाणी पायजे व्हय? घ्या," म्हणत कुशाबाईनं तो त्याच्या तोंडाला लावला. पाणी गळ्यावरून ओघळलं. त्यानं पुन्हा खाली दाखवलं. तिनं पुन्हा पाजलं.

ट्रॅक्टर उसाला गेलेले. शेवटी दुधाचा टेम्पो अडवला, रिकामे कॅन बाजूला सारून त्याला आत घातलं आणि दौंडला नेलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायचं होतं. जीव वाचला. उजवं अंग आणि वाचा गेली ती मात्र आली नाही. ज्याच्या गप्पांनी दौंडपर्यंतची वाट सरायची, तो माणूस ओट्यावर भिंतीला टेकून लाळ गाळत बसला, आणि समोर जीप उभी.

उन्हाळ्यात शंभूनं दौंडात चौकशी करून, ती डबी बसवणाऱ्या हौसरावाला शोधून आणलं. त्यानं दुसरी बॅटरी जोडली, वाकून सीटखाली हात घातला, चावी मारली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. कुशाबाई दारातून बघत होती.

"परत दावा," ती म्हणाली. मग स्वतः सीटवर चढून बसली. खाली चाचपलं, बटण सापडलं, दाबलं. चावी फिरवली. गाडी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. मग उतरली आणि म्हस्कूपाशी येऊन बसली.

"तुमी खाली दावीत व्हता," ती म्हणाली. "आन् म्या पाणी पाजीत बसले."

म्हस्कूच्या एका डोळ्यातून पाणी येऊ लागलं.

"त्या चोराला म्या वळखलं न्हाई, खरं हाय. पण तुमी? सारा जलम संगं काढला, आन् मला वळखलं न्हाई व्हय, अवो?"

आता बटणाचं सांगायचं काही उरलं नव्हतं. सांगायचं होतं ते दुसरंच. 'चुकलो गं,' एवढं एकदा तिला म्हणता आलं असतं! त्यानं सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं. "आ... आ..." एवढंच आलं.

कुशाबाईनं डोळे पुसले, उठली आणि तांब्या भरून घेऊन आली.