म्यानातून न निघालेला खंजीर

पुराव्याविना मी देवालाही कधी हात जोडले नाहीत. माझी सारी नोकरी राजुऱ्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून झाली. भूतखेत, करणी असले शब्द आमच्या घरात चालत नसत. म्हणूनच ही हकीकत लिहिताना मला भीती नव्हे... लाज वाटते.

आम्ही गडचांदूरला राहतो. मुलगा अविनाश अल्जीरियात एका सिमेंट कारखान्यात इंजिनिअर आहे. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आला, तेव्हा त्याने एक खंजीर आणला. तिथल्या एका वयस्क फिटरच्या मुलाला त्याने भट्टीजवळच्या अपघातातून ओढून बाहेर काढले होते. त्या बापाने घरातली सर्वांत जपलेली वस्तू त्याला दिली. फिटरच्या पणजोबांनी फ्रेंच सैनिकाची संगीन हिसकावून गावच्या लोहाराकडून तिचा खंजीर घडवून घेतला होता. अविनाशने तो अंगणात शेजाऱ्यांसमोर सहज उपसून दाखवला. मुठीजवळ पुसट फ्रेंच अक्षरे होती. मला मात्र दिसली ती लांबी — नऊ इंचांहून अधिक पाते परवान्याविना बाळगणे हा गुन्हा आहे!

त्याच सुमारास शेजारच्या वासुदेवच्या बेकायदेशीर शेडविरुद्ध मी नगर परिषदेला पत्र दिले होते. तो फाटकातूनच ओरडला, "काऊन हो जजसाहेब, माह्या टिनाले कायदा, अन् तुमच्या पोराच्या खंजिराले नाई?"

मी पेटलो. दुसऱ्या सकाळी अविनाश झोपेत असताना खंजीर पिशवीत घालून ठाण्यात गेलो. गुन्हा नोंदला गेला तर त्याचे परत जाणे, नोकरी, सारे अडकेल, हे मी जाणत होतो. तरीही गेलो.

फौजदारांनी मूठ धरून ओढली. खंजीर निघेना. दोन शिपायांनी दोन टोके धरली, फटीत तेल सोडले... नाहीच.

"काका, म्यानासकट मोजू का?" फौजदार हसू लागले. "पातंच दिसून नाई राह्यलं, तं पंचनाम्यात काय लिहू? अन् पोरावर केस करून राह्यले, काकूले तरी सांगतलं का?"

संतापातच घरी आलो. अविनाश दारातच उभा होता. मी कुठून आलो हे त्याला कळले होते. त्याने पिशवी घेतली आणि दोन बोटांनी खंजीर उपसला. आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या टेबलावरची पट्टी आणून त्याने माझ्यापुढे धरली.

"मोजा, बाबा."

मी पट्टी परत टेबलावर ठेवली.

तो ठरल्या दिवशी गेला. फोन येतो, तो आईशी बोलतो. खंजीर मात्र बैठकीच्या भिंतीवर टांगून गेला आहे. म्यान आवळले होते म्हणावे, तर तासाभरात सैल कसे झाले? आयुष्यभर मी प्रत्येक कार्यालयाकडे लेखी खुलासा मागितला; हा कोणाकडे मागावा?

आता ताबा माझा, म्हणजे गुन्हाही माझाच. पण त्या मुठीला मी अद्याप हात लावलेला नाही... माझ्या हाताने तो निघेल की नाही, हे पाहण्याची माझी हिंमत नाही.