इस्लापूरकडं सेवेला

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं असतील. आमचे हे लातूरच्या तहसील कचेरीतून पेशकारीवरून वजीफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर, निघाले आणि लगेच मठाच्या महाराजांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"इस्लापूरकडं एका गावात देऊळ हाय, पण पोथी सांगणारं कुणी न्हाई. जाता का दोघं सेवेला?"

हे म्हणाले, "हाव, जातो की." मी नुसती पाया पडले. पन्नाशी गाठलेली बाई मी, मला अक्षर येत नव्हतं. मी तिथं जाऊन कसली सेवा करणार, हे काही केल्या ध्यानात येईना.

गाव अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलणारं. पहिल्या संध्याकाळी यांनी कचेरीतलीच शेरवानी चढवली अन् देवळात पोथी उघडली. माणसं आली, पण बसेनात. हात जोडून उभीच. शेवटी एक म्हातारा पुढं सरकला. "हुजूर, औंदा शेतसारा माफ होईल का?"

"अरे बाबा, मी सरकारचा न्हाई. देवाच्या कामाला आलो."

"जी हुजूर," म्हातारा म्हणाला, अन् त्यानं पुन्हा तेच विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून देवळाकडं कुणी फिरकेना. हे रिकाम्या देवळात वाचत बसत. मला त्यांची कीव यायची, राग यायचा, अन् परत जावंसंही वाटायचं.

शेजारी एक तेलुगू बोलणारी विधवा राहायची. एका सकाळी ती आली. "अक्का, एकटीच दळून राहिलीस? सरक."

दोघींनी जात्याचा खुंटा धरला अन् माझ्या तोंडून ओवी निघाली. लातूरला आयुष्यभर मी ओठातल्या ओठात गायले. ओसरीवर सासरे, दीर बसलेले असायचे. इथं कुणी नव्हतं. आवाज असा मोठा निघाला की माझी मीच दचकले.

"हे देवाचं हाय का?" तिनं विचारलं.

"देवाचंच हाय."

मग बायका जमू लागल्या. कीर्तनात ऐकलेल्या गोष्टी मी सांगायची. निम्म्या विसरलेल्या, एकीचा शेवट दुसरीला जोडलेला. बायका हसायच्या, मीही हसायची. या वयात इतकं हसू येतंय ते पुण्य की पाप, कळत नव्हतं.

एक दिवस हे दारात आले. अंगात साधी बंडी. "मी बसू का?"

बायका पदर सावरून उठू लागल्या. शेजारीण म्हणाली, "बसू द्या की. हुजूर बी माणूसच हाय."

गोष्ट माझी अडली, तेव्हा पुढचं यांनी सांगितलं, अगदी हळू. बायकांनी ते कान देऊन ऐकलं. त्यानंतर आम्ही दोघं देवळातच बसू लागलो. मी गायचं, यांनी अर्थ सांगायचा. गडीमाणसंही येऊन बसू लागली.

सुगी झाल्यावर महाराज गाडी घेऊन आले. सगळं बघून खूश झाले. "लई झाली सेवा. आता लातूरला चला, दुसऱ्या कुणाला धाडतो."

मी गाठोडं बांधायला आत गेले अन् मला रडूच फुटलं. हे मागोमाग आले. "अगं, झालं काय?"

"ठाव न्हाई."

यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेऊन खाली ठेवलं. मग बाहेर जाऊन म्हणाले, "महाराज, बैल सोडा. जेवून घ्या. आम्ही हितंच राहतो."